डोळ्यांनी ऐकलेली गाणी

संगीतातले मला काय कळते, असा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. लहानपणी पेटी शिकवायला येणारे मास्तर तिसऱ्याच दिवशी वडिलांना म्हणाले होते, "मुलगा हुशार आहे. त्याला गणिताच्या शिकवणीला घाला." तरीही मी छातीठोकपणे सांगतो की, इंग्लंड-अमेरिकेत ज्या संगीताला 'ऑल्टरनेटिव्ह' म्हणतात, त्याचा मी सदाशिव पेठेतला सर्वांत जुना श्रोता आहे. १९८० सालापासूनचा. आता श्रोता म्हटले की कानांचा संबंध येतो आणि नेमकी तिथेच थोडी अडचण आहे. पहिली बारा वर्षे मी त्यातला एक सूरही ऐकला नव्हता. मी फक्त जाहिराती पाहत होतो.

हा 'ऑल्टरनेटिव्ह' शब्द आमच्यापर्यंत पोचला तोही उशिराच. त्याला मराठीत 'पर्यायी' म्हणावे तर डोळ्यांपुढे 'पुढे काम चालू आहे, पर्यायी रस्त्याचा वापर करावा' ही पाटी येते. पण खरे सांगायचे तर अर्थ तोच. हमरस्त्यावरून मोठ्या कंपन्यांचे मोठे गवई मोटारीतून जाणार आणि बाजूच्या खाचखळग्यांच्या बोळातून चार फाटकी पोरे गिटारी घेऊन चालणार. त्यांच्या तबकड्या काढणारा मालकही त्यांच्याइतकाच फाटका.

लंडनच्या या बोळातली बातमी पुण्यापर्यंत येण्याचे श्रेय कोरेगाव पार्काला. १९७४ ते १९८१ या काळात तिथल्या आश्रमात जगभरातून गोरी माणसे येत. ती मनःशांती घेऊन परत जात आणि वाचून झालेली मासिके इथेच टाकून जात. मनःशांती त्यांना घरी गेल्यावर कितपत पुरली, मला कल्पना नाही. मासिके मात्र कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याला वर्षानुवर्षे पुरली. त्याच्या दुकानात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस', 'मेलडी मेकर', 'साउंड्स' अशा साप्ताहिकांचे गठ्ठे सुतळीने बांधून पडलेले असत. वर्तमानपत्री कागद, मोठा आकार आणि हाताला लागणारी शाई. तो ती किलोवर विके. आत कोण गातो याच्याशी त्याचे देणेघेणे नव्हते. "भेळवाले हाच कागद पसंत करतात," एवढेच तो कौतुकाने सांगे.

मी तिथे जायचो तो संगीतासाठी नव्हे. वाड्याच्या तळमजल्यावर वडिलांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या चार घोड्या आणि उधारीची एक वही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले अशी कामे. परदेशी छपाई कशी असते ते पाहावे म्हणून मी ती रद्दी आणायचो. माझ्याबरोबर असे माझा मामेभाऊ. तो इंजिनिअरिंगला आला तेव्हा आमच्याकडे राहायला आला आणि नोकरी लागल्यावरही आमच्याकडेच राहिला. त्याला मात्र कान होता. मशीन चालू असताना वरच्या मजल्यावर जेवता जेवता तो सांगे, "आतोबा, डावीकडचा रूळ झिजलाय." वडील खाली जाऊन पाहत. रूळ झिजलेला असे.

एके दिवशी त्या गठ्ठ्यातून एक पान निघाले. काळेभोर. मध्यभागी पांढऱ्या बारीक रेघा, एकीखाली एक. प्रत्येक रेघ कडेला सपाट आणि मधे आली की थरथरत वर उठणारी. खालचा भाग फाटलेला होता, तो बहुधा एखाद्या भेळेबरोबर गेला असावा. त्यामुळे ही जाहिरात कशाची, हे कळायला काही मार्ग नव्हता.

ते पान आमच्याकडे आठवडाभर फिरले. मामेभाऊ डोंगर चढणारा. तो म्हणाला, "ही सह्याद्रीची रांग आहे. तोरण्यावरून पहाटे अशीच दिसते." वडिलांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "कुणाचा तरी कार्डिओग्राम आहे. माणूस जगलेला दिसत नाही." आईला ते वीणकाम वाटले. मला वाटले की ब्लॉक खराब झाला आहे. पण पान टाकवेना. मामेभावाने ते खोलीत कोनाड्याशेजारी खळीने चिकटवले आणि दिवा मालवून कंदिलाच्या उजेडात बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "अरे, हे पान नाही. हे गाणं आहे."

त्या पानाचा उलगडा पुढे दुसऱ्या एका अंकातून झाला. मँचेस्टरच्या 'फॅक्टरी' नावाच्या चिमुकल्या कंपनीने जून १९७९ मध्ये काढलेली 'जॉय डिव्हिजन' या मंडळींची 'अननोन प्लेझर्स' ही तबकडी. आणि मग कळले की भेळवाल्याला मी उगाच दोष देत होतो. खुद्द तबकडीच्या मुखपृष्ठावरही ना वाद्यवृंदाचे नाव होते ना तबकडीचे. सोन्यासारखा माल, आणि वर नाव घालायला विसरले? विसरले नव्हते. पीटर सॅव्हिल नावाच्या विशीतल्या चित्रकाराने ते मुद्दाम वगळले होते.

रेघा कसल्या, हे समजायला आणखी काही वर्षे गेली. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल नावाच्या विद्यार्थिनीला आकाशातून ठराविक वेळाने येणारी एक टिकटिक सापडली. दर १.३४ सेकंदाला एक ठोका. तो निघाला मानवाला सापडलेला पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगरणारा मेलेला तारा. (या शोधाचे नोबेल १९७४ साली तिच्या मार्गदर्शकांना मिळाले. छापखान्यात खिळे जुळवणारा एक आणि 'मुद्रक' म्हणून नाव दुसऱ्याचे, हा प्रकार मला नवा नव्हता.) पुढे अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने १९७० सालच्या प्रबंधात त्या ताऱ्याचे ऐंशी ठोके एकाखाली एक काढले. ते चित्र खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात छापले गेले. तिथून ते या पोरांनी उचलले आणि सॅव्हिलने पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा उलट करून काळ्यावर पांढऱ्या केल्या. म्हणजे वडिलांचे निदान अगदीच चुकले नव्हते. ठोके होते आणि जो होता तो मेलेलाही होता. फक्त माणूस नव्हता.

मामेभावाचाही सह्याद्री तसा वाया गेला नाही. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव गाठले की जवळच खोडद आहे. तिथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महादुर्बीण आहे. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, डोंगरांच्या पार्श्वभूमीवर आभाळाकडे तोंड करून, अशाच ताऱ्यांचे ठोके ऐकत बसलेल्या असतात. मराठीत गाण्याचीही तबकडी आणि दुर्बिणीचीही तबकडीच, हे मी त्याला पत्राने कळवले होते. त्याचे उत्तर आले, "बघ. मी तेव्हाच म्हणालो होतो, गाणं आहे."

पण मी फार पुढे गेलो. तेव्हा आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होती ती आपली जाहिरात. आपली जाहिरात म्हणजे एक उघड्या मनाची बाई. तिच्या पोटात काही राहत नाही. 'आले! आले!! आले!!!' असे ती तीनदा ओरडणार. आमच्या छापखान्यात बोट दाखवणाऱ्या हाताचा एक ठोकळा होता, तो इतक्या हँडबिलांवर वापरला गेला की त्याचे बोट झिजून नुसती मूठ राहिली होती आणि तरी गिऱ्हाईक म्हणे, "तो हात पाहिजेच." गाण्याची तबकडी असली तर गवयाचा फोटो हवा, फोटोत तानपुरा हवा, खाली राग हवा, ताल हवा, साथीदार हवेत. कुणी सुटला तर दुसऱ्या दिवशी तो तबलजी छापखान्यात येऊन बसे.

आणि इकडे ही पाने. अर्धे पान कोरे सोडायचे. कोऱ्या कागदाचेही पैसे मोजायचे! कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढ्या अक्षरात कंपनीचे नाव आणि एक क्रमांक. गाणाऱ्याचा चेहरा नाही. 'त्वरा करा' नाही. किंमत नाही. मी बराच विचार केला आणि एके दिवशी लक्ष्मी रोडवर चालताना मला त्याचा उलगडा झाला. हे सगळे पुणेरी होते! आपल्याकडच्या पेठेतला दुकानदार काय करतो? माल आत ठेवतो. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारले तर "हवं असेल तर घ्या, दाखवण्यासाठी नाही" म्हणतो. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी म्हणजे अशाच जाहिरातीचा कळस आहे; तीत काय नाही तेवढेच सांगितले आहे. ज्याला कळते तो बोळ शोधत येईल. ज्याला कळत नाही त्याने हमरस्त्यावरच थांबावे. पीटर सॅव्हिलचा मागचा जन्म तुळशीबागेच्या आसपास झाला असला पाहिजे, याविषयी माझी खात्री आहे.

त्या फॅक्टरीवाल्यांचा आणखी एक पुणेरी गुण म्हणजे नोंदवहीचे वेड. जे काही करतील त्याला क्रमांक. 'अननोन प्लेझर्स'चा क्रमांक दहा. त्यांनी काढलेल्या नाचगाण्याच्या क्लबाला एक्कावन्न. क्लबातल्या मांजराला एकशे एक्क्याण्णव. कंपनीचा एक संस्थापक टोनी विल्सन २००७ साली वारला तेव्हा त्याच्या शवपेटीलासुद्धा पाचशे एक क्रमांक दिला गेला. पण मला सर्वांत आवडतो तो क्रमांक एक. कंपनीचा पहिला माल, १९७८ सालचा. तो तबकडी नव्हता. ती होती एका कार्यक्रमाची जाहिरात. सॅव्हिलने केलेले भित्तिपत्रक. आणि ते छापून मिळाले तेव्हा कार्यक्रमाची वेळ टळलेली होती. हे वाचले तेव्हा मला भरून आले. उशिरा दिलेल्या जाहिरातीलाही मानाचा पहिला क्रमांक देणारे गिऱ्हाईक आमच्या वडिलांना उभ्या हयातीत मिळाले नाही.

आता तबकडी मिळण्याचा मार्ग नाही. बाजारात 'बोनी एम' मिळे, 'आबा' मिळे. (आमची आजी 'आबा' कोण म्हणून विचारी.) कॅम्पातल्या दुकानात आम्ही भीतभीत या मंडळींची नावे उच्चारली की दुकानदार प्रेमाने बोनी एमच पुढे करी. तेव्हा मामेभावाने ठरवले, पान पाहून गाणे आपणच करायचे. दर शनिवारी रात्री मशीन बंद झाले की आम्ही खाली बसायचो. तो पेटीवर, तीच, जिच्यावरून मास्तर पळून गेले होते. मी पत्र्याच्या डब्यावर. त्या रेघांकडे पाहत तो खालच्या सप्तकात एक सूर धरी, सपाट. आणि बोट रेघेच्या मधल्या भागावर आले की सूर थरथरवत वर नेई. मी दर रेघेला एक ठोका देई. रेघा ऐंशी. सबंध गाणे दोन-अडीच मिनिटांत संपे. शब्द नव्हते, कारण शब्द पानावर नव्हते. शेवटची रेघ संपली की तो पेटीचा भाता तसाच हळूहळू मिटू देई आणि त्या फुसफुशीत आमचे 'अननोन प्लेझर्स' विरून जाई. चौथ्या शनिवारी वरच्या बिऱ्हाडातले काका खाली येऊन म्हणाले, "कुणाला बरं नाही का?"

इथवर कुणाचे नुकसान झाले नव्हते. ते मी १९८२ साली केले.

वडील लग्नासाठी कोल्हापूरला गेले होते आणि छापखाना माझ्यावर सोपवला होता. त्यांच्या एका स्नेह्यांचे जावई गायचे. आमच्याच पेठेतल्या एका कार्यालयात त्यांचा जाहीर कार्यक्रम होता, पहिलाच. पाचशे हँडबिले हवी होती. मजकूर आला तो नेहमीचा: 'सुवर्णसंधी! सुवर्णसंधी!!', मग गुरुपरंपरा, मग साथीदार, मग 'रसिकांनी बहुसंख्येने'. मी तो बाजूला ठेवला. लिनोलियमचा तुकडा आणला आणि रात्रभर जागून त्यावर रेघा कोरल्या. छापल्यावर सगळा कागद काळा आणि मधे एकच पांढरी लहर, षड्जापासून निघून वर जाऊन परत येणारी. खाली उजव्या कोपऱ्यात सहा पॉइंटाच्या खिळ्यांत नाव, वार, वेळ, स्थळ. बोटवाला हात नाही. मामेभाऊ म्हणाला, "मँचेस्टरला पाठवू या का?"

पहिली अडचण शाईची. एवढा काळा रंग ट्रेडलने कधी छापला नव्हता. महिन्याची शाई दीडशे प्रतींतच संपली. दुसरी अडचण ती शाई वाळेना. कागद दोऱ्यांवर टांगले, वाड्यात धोतरे-लुगडी वाळत घालायच्या तारांवर टांगले, तरी वाळेना. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, म्हणून तसेच वाटले. संध्याकाळपर्यंत निम्म्या पेठेची बोटे निवडणुकीत मतदान केल्यासारखी काळी झाली. शेजारच्या काकूंनी कागद हातात घेतला, काळा रंग पाहिला, आणि "अगंबाई! कोण गेलं?" म्हणून मटकन खाली बसल्या. सहा पॉइंटांचे अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावून वाचल्यावर नाव दिसले ते स्नेह्यांच्या जावयाचे!

कार्यक्रमाला अकरा माणसे होती. त्यांतली चार पांढरे कपडे घालून, मान खाली घालून, समाचाराला आलेली. गायकच तंबोरा जुळवत बसलेला पाहून त्यांना जो धक्का बसला त्यातून ती उठलीच नाहीत. एक डॉक्टर होते. त्यांनी हृदयविकारावर व्याख्यान असल्याचा समज करून घेतला होता. पण ते सज्जन शेवटपर्यंत बसले. उरलेले घरचे. गायकांनी पुरिया धनाश्री मांडला. अकरा माणसांपुढे माणूस कसा गातो ते मी त्या दिवशी पाहिले. मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. मध्यंतरात ते माझ्याजवळ आले. मला वाटले आता मारणार. त्यांनी खिशातून ते हँडबिल काढले, माझ्यासमोर धरले आणि शांतपणे म्हणाले, "चित्र छान आहे. पण हा सूर माझा नाही हो. माझा इतका वर जात नाही."

त्यानंतर त्यांचा जाहीर कार्यक्रम झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या एका कार्यक्रमामुळेच ते थांबले असे कुणी मला कधी म्हणाले नाही. पण ते वाक्य मला अजून आठवते.

वडील परत आले. शाईचा रिकामा डबा पाहून त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. म्हणाले, "अरे, नाव लपवायला तो काय फरारी आहे? ज्याचं नाव जगाला ठाऊक आहे त्यानं लपवावं!"

मामेभाऊ मध्ये पडला. "आतोबा, त्या मँचेस्टरवाल्यांचंही नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं."

"मग त्यांची कंपनी बुडेल," वडील म्हणाले.

फॅक्टरी १९९२ च्या नोव्हेंबरात बुडाली. वडील तेव्हा थकले होते, तरी मी मुद्दाम सांगितले. ते म्हणाले, "मला दहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं त्यांनी."

त्या बुडण्याला कारणे अनेक होती, पण वडिलांचा भर कागदावर. १९८३ सालच्या 'ब्लू मंडे'ची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. 'जॉय डिव्हिजन'मधल्या उरलेल्या मंडळींनी 'न्यू ऑर्डर' नावाने काढलेली ती तबकडी. सॅव्हिलने तिचे पाकीट संगणकाच्या फ्लॉपीसारखे केले, मध्ये भोके पाडून. नावाच्या जागी रंगीत चौकटींची सांकेतिक लिपी. आम्ही दोघांनी तोवर फ्लॉपी पाहिली नव्हती, म्हणून आम्हाला ते विजेच्या मीटरचे झाकण वाटले. ती तबकडी तुफान खपली आणि दर प्रतीमागे कंपनीला तोटा झाला, कारण पाकिटाचा खर्चच किमतीला पुरून उरत होता, अशी आख्यायिका आहे. वडील ती ऐकून पाच मिनिटे बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचा पत्ता आहे का? मी स्वस्तात करून दिलं असतं."

लंडनच्या '४एडी' कंपनीची पाने याहून वेगळी. तिथे व्हॉन ऑलिव्हर नावाचा चित्रकार होता. कंपनीने पहिला पगारी माणूस नेमला तो हाच. हिशेबनीस नाही, विक्रेता नाही, चित्रकार. आधी गाणे ऐकायचे आणि मग चित्राला हात घालायचा, अशी त्याची पद्धत. गाणाऱ्यांचे चेहरे तोही शक्यतो टाळी. 'कॉक्टो ट्विन्स'च्या १९८४ सालच्या 'ट्रेझर'वर जाळीच्या कापडात गुंडाळलेला शिंप्याचा पुतळा आहे. आत्याने ते पान पाहून "पडदे छान आहेत, कुठे मिळतात?" असे विचारले होते. आम्ही त्या पानाचे गाणे करायला बसलो तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "याला शब्द नकोत. तराणा कर." पुढे ती तबकडी ऐकली तेव्हा मी थक्क झालो. ती बाई जे गाते त्यातले निम्मेअधिक शब्द कुठल्याच भाषेतले वाटत नाहीत. स्वर येतो म्हणून अक्षर येते. तराणाच तो! एवढ्या एका पानाच्या बाबतीत आम्ही पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

याच ऑलिव्हरमुळे आमच्या घरात एक धार्मिक प्रश्नही उभा राहिला. १९८९ साली 'पिक्सीज'ची 'डूलिटल' आली. तिच्यावर एक माकड आहे, आणि माकडाच्या डोक्यामागे प्रभावळ. शेजारी पाच, सहा, सात असे आकडे. ते आकडे त्यांच्या एका गाण्यातले, पण आजीला त्याचे काय? मामेभावाने ते पान भिंतीला लावले आणि शनिवारी सकाळी पाहतो तो पानाला शेंदराचे बोट आणि खाली रुईचे पान! मी म्हणालो, "आजी, अगं ती गाण्याची जाहिरात आहे." आजी म्हणाली, "मारुतीरायाला गाण्याचं वावडं नाही." ते पान पुढे कित्येक वर्षे काढायची कुणाची छाती झाली नाही.

१९९१ साली 'निर्वाना'ची 'नेव्हरमाइंड' आली, सप्टेंबरात. निळ्या पाण्यात एक तान्हे बाळ आणि त्याच्यापुढे गळाला लावलेली एक डॉलरची नोट. त्याच वर्षी जुलैत आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले होते. तोवर अमेरिकन साप्ताहिके रद्दीत यायच्या आत मामेभावाच्या हापिसात येऊ लागली होती. त्याने ते पान आणले, पण भिंतीला लावले नाही. घडी घालून खिशात ठेवले. दुसऱ्या वर्षी तो न्यू जर्सीला गेला. विमानतळावर मी म्हणालो, "गळ सांभाळ रे." तो हसला नाही. म्हणाला, "पेटीचा भाता बघून घे. उंदीर लागतील."

चार महिन्यांनी त्याच्याकडून पार्सल आले. आत एक कॅसेट. 'अननोन प्लेझर्स'. बरोबर चिठ्ठीही नव्हती.

ती मी रात्री एकटाच ऐकली, छापखान्यात, डब्यावर टेपरेकॉर्डर ठेवून. ढोल कुठल्यातरी रिकाम्या गोदामात वाजत असल्यासारखे. गिटारीचा खर्ज पुढे आणि बाकी सगळे मागे. आणि एक जड, खोल आवाज, तरण्या पोराचा न वाटणारा. तो गाणारा इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेला होता, आपल्याच हाताने, वयाच्या तेविसाव्या वर्षी. म्हणजे आम्ही रद्दीतून ते पान उचलले त्याच्या आधीच. आम्ही डबा बडवत होतो तेव्हा त्या पानामागे कुणीच उरले नव्हते. हे कळल्यावर वरच्या काकांचे "कुणाला बरं नाही का?" मला वेगळेच ऐकू येऊ लागले.

गाणी चांगली होती. माझ्यासारख्या गणितवाल्यालाही कळावे इतकी. पण मी सारखा वाट पाहत होतो की आता पेटीचा सूर थरथरेल.

ते सगळे मागे पडले. 'मेलडी मेकर' २००० साली बंद झाले, 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने २०१८ साली साप्ताहिक छापणे थांबवले. छापखान्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्या रेघा मात्र फर्ग्युसन रस्त्यावर टी-शर्टांवर लटकलेल्या असतात. एका पोराला मी विचारले, "हे काय आहे ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "एक्स्ट्रा लार्ज आहे, काका. तुम्हाला होईल."

मी तो घेतला. मामेभाऊ दोन वर्षांपूर्वी कायमचा परत आला आहे. कोथरूडला असतो. ज्या कानांना रूळ झिजलेला कळे ते दोन्ही कान गेले. यंत्र लावतो, पण यंत्रातून माणसांचे बोलणे कसेबसे येते. गाणे लावले की नुसता गोंगाट होतो म्हणून काढून ठेवतो. मी टी-शर्ट दिला. त्याने तो उलगडून मांडीवर पसरला. मी फोनवर 'अननोन प्लेझर्स' लावून त्याच्यापुढे धरला, आणि मग माझ्या लक्षात आले की मी काय करतो आहे. मी फोन बंद करू लागलो तर त्याने हात धरला.

"लागलंय का?" त्याने मोठ्याने विचारले, कानांना ऐकू येत नाही म्हणून जसे बोलतात तसे.

मी मान हलवली.

"कितवी रेघ?"

मी चौथ्या की पाचव्या रेघेवर बोट ठेवले. त्याने माझे बोट उचलून पहिल्या रेघेवर आणून ठेवले आणि टीपॉय माझ्याकडे सरकवला. मी ठोका धरला.